एचटीएमएल टोकनायझरचा इंटरफेस १.० च्या आधी कसा सुधारावा?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मी कशाला उत्तर देतोय ते वाचणाऱ्यालाही कळेल. तुम्ही रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत एचटीएमएल टोकनायझरची, म्हणजे पानाचा कच्चा मजकूर टॅग, कॉमेंट, मजकूर अशा टोकनांत तोडणारी, लायब्ररी लिहिली आहे. एचटीएमएल५लिब या प्रकल्पाच्या सामायिक टोकनायझर टेस्ट सगळ्या पास होतात. टोकनायझर इटरेटर आहे, फॉर लूप फिरवला की टोकन मिळतात. कुणाला वेगळं काही हवं असेल तर एमिटर नावाचा सतरा मेथडचा ट्रेट (वापरणाऱ्याने पुरवायच्या मेथडचा करार) आहे. पार्स एरर, म्हणजे पानातल्या चुकांच्या नोंदी, टोकनच्या इनममध्येच (ठरावीक पर्यायांच्या टाइपमध्ये) एक प्रकार म्हणून येतात, स्पॅन (टोकन मूळ मजकुरात कुठून कुठपर्यंत आहे ते) हवे असतील तर टाइप पॅरामीटर द्यावा लागतो, आणि टोकनायझरची स्टेट (पुढचा मजकूर कोणत्या नियमांनी वाचायचा ती अवस्था) बदलायला एक पब्लिक मेथड आहे. आता १.० ही पहिली स्थिर आवृत्ती काढायची आहे, तर त्याआधी काय काय बदलावं?

मी पुण्यात बरीच वर्षं जुनी मराठी पानं वाचून त्यातला मजकूर काढणारी साधनं बनवतोय, आणि अशी एक लायब्ररी आमच्या टीमने आतून पूर्ण बदललेली आहे. त्या अनुभवावरून सांगतो की तुमच्या पाच मुद्द्यांचं वजन सारखं नाही. एमिटर, स्पॅन, एरर हे सगळं नंतरही निस्तरता येईल, थोडा त्रास होईल इतकंच. स्टेट कोण बदलतं हा प्रश्न मात्र १.० नंतर निस्तरता येत नाही, कारण तिथे चूक झाली तर वापरणाऱ्याला एरर दिसत नाही, टोकन मिळत राहतात आणि ती चुकीची असतात. म्हणून सुरुवात तिथून करतो.

व्हॉटडब्ल्यूजी या गटाच्या एचटीएमएल मानकात टोकनायझरच्या ८० स्टेट आहेत. त्यांतल्या बहुतेक स्टेटमध्ये टोकनायझर स्वतःच येतो-जातो. पण काही मोक्याचे बदल तो स्वतः करत नाही, टोकनांपासून पानाचं झाड बांधणारा ट्री बिल्डर त्याला करायला सांगतो. टायटल किंवा टेक्स्टएरिया उघडला की पुढचा मजकूर आरसीडेटा म्हणून वाचायचा, म्हणजे आपला शेवट टॅग सोडून बाकी टॅग ओळखायचे नाहीत, अँपरसँडने सुरू होणारे संदर्भ मात्र ओळखायचे. स्टाइल आला की रॉटेक्स्ट, म्हणजे ते संदर्भही नाहीत. स्क्रिप्ट आला की स्क्रिप्ट डेटा. नोस्क्रिप्टचं तर स्क्रिप्टिंग चालू आहे की बंद यावर ठरतं, आणि ते टोकनायझरला माहीत असायचं काही कारणच नाही. नुसतं टॅगचं नाव बघूनही भागत नाही. एसव्हीजीच्या (पानात लिहिलेल्या चित्राच्या) आत टायटल किंवा स्टाइल आला तर स्टेट बदलायची नसते. सीडेटाचा (जसाच्या तसा वाचायच्या मजकुराचा) भाग खरा सीडेटा आहे की त्याची बोगस कॉमेंट करायची, हेसुद्धा आपण एसव्हीजी किंवा मॅथएमएलच्या (गणिती सूत्रांच्या) आत आहोत का यावर अवलंबून असतं. म्हणजे टोकनायझर एकटा अपुरा आहे. ही तुमच्या कोडमधली उणीव नाही, एचटीएमएलची घडणच तशी आहे.

आता तुमचा इंटरफेस बघा. फॉर लूप लिहिणाऱ्याला हे सगळं कुठे कळतं? स्टेट बदलायची मेथड डॉक्युमेंटेशनमध्ये कुठेतरी आहे. ती न वापरता कोड कंपाइल होतो, चालतो, साध्या पानांवर बरोबर उत्तरंही देतो.

आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं. इथल्या एका प्रकाशनसंस्थेच्या जुन्या संकेतस्थळाची शोधसूची बनवत होतो. शोधात ‘पाऊस’ टाकला की कवितांच्या पानांबरोबर काही भलतीच पानं यायची. त्या पानांवर पाऊस हा शब्द कुठेच दिसत नव्हता. दोन दिवस गेल्यावर कारण सापडलं. त्या पानांच्या स्क्रिप्टमध्ये कवितांच्या नावांची यादी होती, आणि प्रत्येक नाव ठळक करणाऱ्या टॅगमध्ये गुंडाळून स्ट्रिंग म्हणून ठेवलं होतं. ब्राउझरच्या दृष्टीने तो स्क्रिप्टच्या आतला निव्वळ मजकूर. आमच्या लूपला मात्र तिथे टॅग दिसले. स्क्रिप्टमधला मजकूर आम्ही वगळत होतो, पण मध्ये दुसरा टॅग उघडला की आपण अजून स्क्रिप्टमध्येच आहोत हे लूपच्या हिशेबातून निसटायचं. लायब्ररीत एकही बग नव्हता. ती मानकाप्रमाणेच चालली होती, फक्त स्टेट बदल असं तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

टेस्ट सगळ्या पास होतात यावर इथे विसंबू नका. एचटीएमएल५लिबच्या टोकनायझर टेस्टमध्ये जिथे गरज असेल तिथे नमुन्याबरोबरच सुरुवातीच्या स्टेट आणि आधीच्या सुरुवात टॅगचं नाव दिलेलं असतं. म्हणजे ट्री बिल्डरचं काम टेस्टच्या फाइलनेच करून ठेवलेलं असतं. तुमची स्टेट मशीन बरोबर आहे हे त्या टेस्ट सिद्ध करतात, पण तुमचा इंटरफेस वापरणाऱ्याला बरोबर वाटेने नेतो की नाही याबद्दल त्या काहीच सांगत नाहीत.

म्हणून माझं पहिलं आणि सगळ्यात ठाम म्हणणं: टोकनायझरवरचा इटरेटर काढून टाका. त्याचं आणखी एक कारण आहे, ते मला फार उशिरा लक्षात आलं. इटरेटर दिला की त्याच्याबरोबर पीकेबल, कलेक्ट, झिप ही सगळी मंडळी फुकट येतात. वापरणाऱ्याने पीकेबल लावून पुढचं टोकन डोकावून पाहिलं, की टोकनायझर तेवढा पुढे सरकलेला असतो. आता टेक्स्टएरियाचं सुरुवात टोकन हातात घेऊन कुणी स्टेट बदलली तरी आतला पहिला तुकडा जुन्या स्टेटमध्ये वाचून झालेला असतो. स्टेट बदलायची ती सुरुवात टॅग दिल्यावर, पुढचं अक्षर वाचायच्या आधी. ही अट इटरेटरच्या करारात बसत नाही. इटरेटर म्हणजे एकीकडून दुसरीकडे वाहणारा प्रवाह, आणि आपल्याला इथे दोन्ही बाजूंनी बोलणं हवं आहे.

मग त्याच्या जागी काय? मी एक छोटा ट्रेट ठेवेन, त्यात दोनच प्रश्न. पहिला: हा सुरुवात टॅग आत्ता दिला, पुढचा मजकूर कोणत्या पद्धतीने वाचू? उत्तर म्हणून पाच पर्यायांचा इनम: साधा डेटा, आरसीडेटा, रॉटेक्स्ट, स्क्रिप्ट डेटा, प्लेनटेक्स्ट. दुसरा: सीडेटाची सुरुवात दिसते आहे, आपण एचटीएमएलबाहेरच्या एलिमेंटमध्ये आहोत का? या दोन्ही मेथडना डिफॉल्ट अंमलबजावणी देऊ नका. डिफॉल्ट दिलं की लोक ते वाचत नाहीत, आणि आपण पुन्हा पावसाच्या गोष्टीपाशी येतो. टोकनायझर बनवताना या ट्रेटची वस्तू द्यावीच लागेल असा कन्स्ट्रक्टर करा.

ज्याला पूर्ण ट्री बिल्डर नको, फक्त पानातल्या लिंक काढायच्या आहेत, त्याच्यासाठी लायब्ररीतच एक तयार उत्तर देणारा ठेवा, जो फक्त टॅगचं नाव बघून ठरवतो. पण त्याचं नाव प्रामाणिक असू द्या. ‘डिफॉल्ट’ किंवा ‘सिंपल’ नको, ‘नाइव्ह’ किंवा ‘फक्त नावावरून’ अशा अर्थाचं काहीतरी हवं. वापरणाऱ्याच्या कोडमध्ये तो शब्द दिसला की सहा महिन्यांनी तो कोड वाचणाऱ्यालाही तिथे तडजोड केलेली आहे हे कळतं.

हा विचार नवा नाही. सर्वो या ब्राउझर इंजिनसाठी लिहिलेल्या एचटीएमएल५एव्हर या पार्सरमध्ये टोकन घेणारा परतीच्या उत्तरात पुढची पद्धत सांगतो. क्लाउडफ्लेअरचा एलओएल एचटीएमएल ट्री न बांधता त्याचा अंदाज बांधत चालतो, आणि कडक मोडमध्ये जिथे खात्री देता येत नाही तिथे चूक कळवून थांबतो. दोघांचे मार्ग वेगळे आहेत, पण दोघांनीही हा प्रश्न झाकून ठेवलेला नाही.

याच अनुषंगाने, स्टेट बदलायच्या तुमच्या मेथडमध्ये ८० स्टेटचा इनम पब्लिक दिसतोय. तो आत घ्या. बाहेरून कुणीही टोकनायझरला ‘अ‍ॅट्रिब्यूटच्या नावाच्या मध्ये’ नेऊन ठेवू नये. सुरुवात कुठून करायची हे सांगायला वरचे पाच आणि टेस्टसाठी सीडेटा, एवढे सहा पुरतात. एचटीएमएल५लिबच्या टेस्टही तेवढेच वापरतात. आणि सुरुवातीची स्टेट देताना शेवटच्या सुरुवात टॅगचं नाव त्याच कॉलमध्ये घ्या, ऑप्शन म्हणून. आरसीडेटामधून बाहेर पडायला शेवट टॅगचं नाव आधीच्या सुरुवात टॅगशी जुळावं लागतं. फ्रॅगमेंट (पानाचा सुटा तुकडा) पार्स करताना मात्र आधी कुठला सुरुवात टॅग आलेलाच नसतो, त्यामुळे जुळणारा शेवट टॅगही नसतो. तिथे ‘नन’ हेच बरोबर उत्तर आहे, रिकामी स्ट्रिंग नव्हे. या दोन गोष्टी वेगवेगळ्या मेथडमध्ये ठेवल्यात तर कुणीतरी एक बोलावेल आणि दुसरी विसरेल.

आता स्पॅन. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण मराठी मजकुरावर काम करणाऱ्यांना याचा चटका सगळ्यात जास्त बसतो.

‘पुणे’ हा शब्द घ्या. डोळ्यांना दोन अक्षरं दिसतात. युनिकोडमध्ये ते चार कोड पॉइंट आहेत: प, उकार, ण, मात्रा. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला ३ बाइट, म्हणजे एकूण १२. इंग्रजी पानांवर लिहिलेल्या टेस्टमध्ये हे तिन्ही आकडे एकच असतात, म्हणून ऑफसेट बाइटमध्ये आहे की अक्षरांत याची गल्लत महिनोन्महिने दिसत नाही. तुमच्या टेस्टमध्ये देवनागरी आजच घाला. आणि इंटरफेसमध्ये एकच एकक ठेवा: डीकोड झालेल्या यूटीएफ-८ मजकुरातला बाइट ऑफसेट. ओळ आणि स्तंभ टोकनमध्ये ठेवू नका. ते हवे तेव्हा मूळ मजकूर आणि ऑफसेटवरून काढणारं वेगळं साधन द्या. शिवाय स्तंभ म्हणजे काय यावरही एकमत नाही: लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलमध्ये (एडिटर आणि भाषेची साधनं यांच्यातल्या संवादाच्या नियमांत) तो मुळात यूटीएफ-१६ च्या एककांत मोजतात, ३.१७ पासून दोन्ही बाजू ठरवून दुसरं एकक वापरू शकतात. टोकनायझरने यात पडू नये.

स्पॅनची लांबी कधीही व्हॅल्यूच्या लांबीवरून काढू नका. सीआर-एलएफ ही ओळ संपवणाऱ्या चिन्हांची जोडी वाचतानाच एका एलएफमध्ये बदलते. अँपरसँडचा संदर्भ मूळ मजकुरात पाच बाइट असतो आणि व्हॅल्यूमध्ये एक. तुमच्या कोडमध्ये दोन ठिकाणी ‘सुरुवात अधिक स्ट्रिंगची लांबी’ असा हिशेब आहे, तो विंडोजवर सेव्ह केलेल्या पहिल्याच फाइलवर चुकेल.

टाइप पॅरामीटरबद्दल माझं मत स्पष्ट आहे: काढून टाका आणि स्पॅन नेहमीच द्या. ६४ बिटच्या मशीनवर स्पॅन म्हणजे १६ बाइट. तुम्ही प्रत्येक अ‍ॅट्रिब्यूटच्या नावासाठी आणि व्हॅल्यूसाठी स्वतंत्र स्ट्रिंग बनवताय. त्या खर्चापुढे हे १६ बाइट काहीच नाहीत. उलट तो पॅरामीटर टोकन, अ‍ॅट्रिब्यूट, एमिटर, एरर, सगळीकडे पसरलाय, आणि वापरणाऱ्याच्या प्रत्येक फंक्शनच्या सिग्नेचरमध्ये शिरतो. आम्हीही आधी तसंच केलं होतं. नवी माणसं कंपायलरचे लांबलचक एरर बघून बुजायची, आणि स्पॅन नको असलेला वापरणारा आम्हाला शेवटपर्यंत भेटला नाही.

स्पॅन इतके महत्त्वाचे का, याचं मला पटलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण जुन्या फॉन्टांचं आहे. युनिकोड रुळायच्या आधीच्या मराठी-हिंदी पानांत कृतिदेवसारखे फॉन्ट सापडतात. त्यांत देवनागरीची चिन्हं रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. रेमिंग्टनच्या मांडणीप्रमाणे ढ हे अक्षर लेस-दॅनच्या जागी येतं, काना के च्या जागी, मात्रा एस च्या, ल वाय च्या. आता गणेशोत्सवाच्या एखाद्या पानावर कुणी ‘ढोल’ लिहिलं असेल आणि ते लेस-दॅन तसंच कच्चं राहिलं असेल, तर फाइलमध्ये बाइट पडतात ते लेस-दॅन, के, एस, वाय. मानकाप्रमाणे लेस-दॅननंतर रोमन अक्षर आलं की टॅग सुरू होतो. त्यामुळे ढोल हा केएसवाय नावाचा टॅग होतो, आणि पुढचे शब्द पहिलं ग्रेटर-दॅन मिळेपर्यंत अ‍ॅट्रिब्यूट होत जातात.

टोकनायझरने इथे मानक मोडू नये, त्याने टॅगच द्यावा. पण तो मजकूर वाचवू पाहणाऱ्याला मूळ बाइटांकडे परत जाता आलं पाहिजे, आणि टोकनमधल्या नावावरून ते जमत नाही. कारण टॅगची आणि अ‍ॅट्रिब्यूटची नावं लहान लिपीत बदलली जातात. ‘पथक’ मधला थ या फॉन्टात मोठ्या एफ ने सुरू होतो. लहान एफ म्हणजे ऱ्हस्व वेलांटी. नाव लहान लिपीत गेलं की थ कायमचा गेला. स्पॅन असेल तर मूळ तुकडा जसाच्या तसा मिळतो. म्हणून स्पॅन फक्त टोकनला नको, प्रत्येक अ‍ॅट्रिब्यूटच्या नावाला आणि व्हॅल्यूला वेगवेगळा हवा.

तुकड्या-तुकड्याने येणाऱ्या इनपुटचंही याच्याशी नातं आहे. तुम्ही ४०९६ बाइटचा बफर वाचताय. निव्वळ देवनागरी मजकूर असेल तर त्यात १३६५ कोड पॉइंट बसतात आणि एक बाइट उरतो, म्हणजे पुढचं चिन्ह मधोमध कापलं जातं. डीकोडिंग टोकनायझरच्या आत करू नका. गाभा फक्त स्ट्रिंगचे तुकडे घेणारा ठेवा: एक मेथड तुकडा द्यायला, एक ‘संपलं’ सांगायला. अर्धवट बाइट सांभाळायचं काम एन्कोडिंग_आरएस उत्तम करतं, फायरफॉक्समध्ये तेच वापरलं जातं. त्याच्यावर बसणारा पातळ थर वेगळा द्या. तरीही तुकड्याची सीमा सीआर आणि एलएफच्या मध्ये पडेल, नाहीतर कॅरॅक्टर रेफरन्सच्या (अँपरसँडने सुरू होणाऱ्या संदर्भाच्या) नावाच्या मध्ये. यासाठी आम्ही केलेली टेस्ट सोपी आहे आणि तिने आमच्याकडचे सगळ्यात जास्त बग पकडले: प्रत्येक नमुना अक्षरांच्या प्रत्येक सीमेवर दोन तुकडे करून चालवा आणि एकसंध इनपुटच्या उत्तराशी ताडून बघा. मजकुराची टोकन वेगवेगळ्या ठिकाणी तुटतील, ती जोडून तुलना करा. आणि हो, मजकुराच्या टोकनवर ‘हा शेवटचा तुकडा आहे’ अशी खूण ठेवा, नाहीतर शब्द शोधणारा प्रत्येक जण स्वतःचा बफर लिहीत बसेल.

कॅरॅक्टर रेफरन्सवरून आठवलं. ‘मला कच्चा मजकूर द्या, मी स्वतः डीकोड करेन’ अशी मागणी तुमच्याकडे येईल. नावांच्या तक्त्यात २२३१ नोंदी आहेत, तो तक्ता पब्लिक करायला हरकत नाही, पण डीकोड करणाऱ्या फंक्शनला ‘मजकूर की अ‍ॅट्रिब्यूट’ हा आर्ग्युमेंट सक्तीचा ठेवा. एखाद्या लिंकच्या पत्त्यात अँपरसँड, मग कॉपी, मग बरोबरचं चिन्ह आलं, तर अ‍ॅट्रिब्यूटमध्ये ते तसंच राहतं. तोच तुकडा साध्या मजकुरात आला तर त्याचं कॉपीराइटचं चिन्ह होतं. संदर्भाशिवाय डीकोड करणारं फंक्शन लोकांच्या लिंक तोडेल.

एररच्या बाबतीत तुमच्या इनममध्ये दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. एचटीएमएलचा पार्स एरर हा रस्टच्या अर्थाने एरर नाही. कितीही मोडकंतोडकं पान असलं तरी टोकनायझिंग अयशस्वी होत नाही; पार्स एरर ही फक्त नोंद आहे. खरा एरर म्हणजे फाइल वाचताना डिस्कने किंवा नेटवर्कने दगा देणं. पहिला टोकनच्या प्रवाहातून बाहेर काढा आणि वेगळ्या रांगेत ठेवा, हवं त्याने ती रांग रिकामी करावी. दुसरा रिझल्टमध्ये द्या. इनपुट मेमरीतलंच असेल तेव्हा एररचा टाइप इन्फॉलिबल (कधीच न होणारा एरर) ठेवा, रस्ट १.८२ पासून त्या टाइपसाठी मॅचमध्ये एररची शाखा लिहावी लागत नाही, त्यामुळे वापरणाऱ्याच्या कोडमध्ये उगाच अनरॅप दिसणार नाहीत.

इथे एक बारीक निर्णय आहे. पार्स एररच्या इनमवर नॉन-एक्झॉस्टिव्ह (यादी पुढे वाढू शकते अशी खूण) लावा, मानकात नवी नावं येऊ शकतात. टोकनच्या इनमवर मात्र लावू नका. डॉकटाइप, सुरुवात टॅग, शेवट टॅग, कॉमेंट, मजकूर, फाइलचा शेवट: हे प्रकार मानकाने बांधलेले आहेत. कुणी मॅचमध्ये कॉमेंट विसरलं तर कंपायलरने त्याला थांबवावं, हीच तर रस्टची मदत. नॉन-एक्झॉस्टिव्ह लावलंत तर प्रत्येकाला अंडरस्कोरची शाखा लिहावी लागेल आणि ती मदत जाईल.

टोकनच्या आत जे आहे त्यात मी तीन गोष्टी बदलेन. शेवट टॅगला स्वतंत्र स्ट्रक्ट द्या, त्यात अ‍ॅट्रिब्यूट नकोत. मानक ते टाकून देतं आणि फक्त पार्स एरर नोंदवतं. अ‍ॅट्रिब्यूट हॅशमॅपमध्ये आहेत, ते व्हेकमध्ये आणा, नाहीतर क्रम हरवतो. दुहेरी नाव आलं तर पहिलं टिकतं हे बघा, आणि मुद्दाम हजारो अ‍ॅट्रिब्यूट घातलेल्या पानावर ही तपासणी वर्गाच्या पटीत वाढणार नाही याचीही काळजी घ्या. डॉकटाइपचे पब्लिक आणि सिस्टिम आयडेंटिफायर ऑप्शनमध्ये हवेत. ‘नाही’ आणि ‘रिकामा’ यांत खरा फरक आहे: एचटीएमएल ४.०१ ट्रान्झिशनलच्या डॉकटाइपमध्ये सिस्टिम आयडेंटिफायर नसेल तर पान क्वर्क्स मोडमध्ये (जुन्या ब्राउझरांसारख्या मांडणीत) जातं, असेल तर लिमिटेड क्वर्क्समध्ये. पानाची मांडणी यावर बदलते.

एमिटरबद्दल तुम्ही सगळ्यात जास्त लिहिलंय, पण माझं उत्तर छोटं आहे. तो ट्रेट १.० मध्ये पब्लिक ठेवू नका. त्या सतरा मेथड म्हणजे तुमच्या स्टेट मशीनच्या आतल्या हालचाली आहेत: अ‍ॅट्रिब्यूटचं नाव सुरू कर, त्याला अक्षर जोड, आता कॉमेंट दे. त्या पब्लिक केल्या की उद्या आतला वेग वाढवण्यासाठी एखादी हालचाल बदलायची म्हटली तरी २.० काढावं लागेल. तुमच्या यादीतल्या ज्या तिघांनी एमिटर स्वतः लिहिलाय, त्यांना खरं काय हवं होतं ते बघा. दोघांना स्पॅन हवे होते आणि तिसऱ्याला पार्स एरर नको होते. वरचे बदल केलेत की तिघांचीही गरज भागते.

वेगाचा मुद्दा शिल्लक राहतो, कारण मेमरी न घेता मूळ बफरमधूनच उसनं टोकन देणं जलद असतं. इटरेटर ते करू देत नाही, त्याच्या आयटमला इटरेटरच्याच बफरवर उसनं राहता येत नाही. पण आपण इटरेटर काढलाच आहे. साधी नेक्स्ट मेथड आणि व्हाइल-लेट लूप असेल तर टोकनचा लाइफटाइम त्या कॉलशी बांधता येतो, आणि त्यासाठी रस्ट १.६५ मध्ये आलेल्या जेनेरिक असोसिएटेड टाइप्सचीही गरज पडत नाही. तरी माझा सल्ला असा की १.० मध्ये मालकीची टोकनच द्या. फक्त टोकनची फील्ड खाजगी ठेवा आणि नाव, व्हॅल्यू मागितली की स्ट्रिंग स्लाइस देणाऱ्या मेथड द्या. म्हणजे आत तुम्ही उद्या काहीही ठेवलंत तरी बाहेरच्या कुणाला धक्का लागणार नाही. वेगाचं काम मोजमाप हातात घेऊन नंतर करा.

रिलीझच्या आधी कार्गो-सेमव्हर-चेक्स चालवत जा, त्याने नकळत झालेले बदल बऱ्यापैकी पकडले जातात. आणि हे सगळं कोडमध्ये उतरवण्याआधी वापरणाऱ्याचे तीन छोटे प्रोग्रॅम कागदावर लिहा: लिंक काढणारा, अ‍ॅट्रिब्यूट बदलून पान पुन्हा लिहिणारा, आणि खरा ट्री बिल्डर. मी हे कोथरूड ते हिंजवडीच्या बसमध्ये वहीत करायचो, तिथे कंपायलर नसतो म्हणून वापरणाऱ्याच्या बाजूने विचार होतो. ट्री बिल्डर लिहिताना जिथे पेन अडखळेल तिथे इंटरफेस अजून कच्चा आहे.

शेवटी ढोलाची ओळ टेस्टमध्ये घाला. कृतिदेवमध्ये ‘ढोल ताशा पथक’ आणि लगेच फॉन्टचा शेवट टॅग, त्यानंतर फाइल संपते. अपेक्षित उत्तर असं आहे: एकच सुरुवात टॅग, नाव केएसवाय, त्याला तीन अ‍ॅट्रिब्यूट. पहिला ताशा, त्यात श चं एकेरी अवतरणचिन्ह नावात तसंच राहिलेलं. दुसरा पथक, त्याच्या शेवटी लेस-दॅन चिकटलेलं आणि थ चा मोठा एफ लहान झालेला. तिसरा फॉन्ट, कारण शेवट टॅगच गिळला गेला. पार्स एरर तीन: पहिले दोन अ‍ॅट्रिब्यूटच्या नावात अनपेक्षित अक्षर आल्याचे, तिसरा टॅगमध्ये अनपेक्षित तिरकी रेघ आल्याचा. मजकुराचं टोकन एकही नाही. आणि दुसऱ्या अ‍ॅट्रिब्यूटच्या नावाचा स्पॅन घेऊन मूळ मजकुरातला तेवढा तुकडा काढलात, तर त्यात मोठा एफ जागेवर असला पाहिजे.